नाथाच्या घुगऱ्या

तीन दिवस झाले तरी माझी सून मला नुसते दगड दाखवत होती.

दगड, आणि मला! आम्ही पाथरवट. माझा बाप जाती घडवायचा, मालक देव घडवायचे, आणि मी स्वतः वीस वर्षं फलटणच्या आसपासची गावं पालथी घातली, "पाट्याला टाकी लावायची का, टाकीऽऽ" म्हणून ओरडत. टाकी म्हणजे टोकदार छिन्नी. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा तिनं टोचून पुन्हा खरबरीत करायचा, पदरात पसाभर ज्वारी घ्यायची आणि पुढच्या दारात जायचं. त्या ज्वारीवर मी दोन पोरं वाढवली. असल्या बाईला विमानात घालून ग्रीस देशात न्यायची, तिथून बोटीत घालून एका बेटावर न्यायची, आणि दगड दाखवायचे! कोळणीला कुणी बाजारात नेऊन बांगडा दाखवतं का?

"आत्या, हे बघा," उज्ज्वला म्हणाली. "अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे."

समुद्रात घुसलेल्या एका टेकाडावर दाराची चौकट उभी होती. दोन उभे दगड, त्यांच्यावर एक आडवा. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी वर हात पोचायचा नाही, एवढी उंच. आत काही नाही, मागं काही नाही. दारातून बघितलं तर पलीकडं नुसता समुद्र.

"देव कुठाय?"

"देव नाही आत्या. देऊळ पुरंच झालं नाही."

"मग एवढी माणसं कशाला आलीत?"

"दार बघायला."

मी दगडाला हात लावला. पांढरा संगमरवर, उन्हानं पिवळट पडलेला. अंगावर नारळाएवढे उंचवटे तसेच ठेवलेले. ते काय, हे मला कुणी सांगायला नको. एवढा धोंडा उचलताना दोर अडकवायला असे कान ठेवतात आणि काम संपलं की तासून टाकतात. हे तासायचे राहिले होते. कारागीर उद्या येतो म्हणून गेला असणार आणि आलाच नसणार.

"नाथा कधी येणार?" मी विचारलं.

"येतील भाऊजी. शेजारच्या बेटावर कामाला गेलेत, सांगितलं ना तुम्हाला." उज्ज्वला समुद्राकडं बघत बोलली आणि कानाची पाळी ओढत बसली. तिथं वारा असा की डोक्यावर पदर ठरेना. हिचा कान दुखत असेल म्हणून मी माझा मफलर काढून तिला दिला. तिनं तो घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

मफलर दिला म्हणून रडणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

नाथा माझा धाकटा. मी त्याला न्यायला आले होते. देवळं बघायला नाही, हवापाण्याला नाही. नऊ वर्षांपूर्वी तो माझ्याशी भांडून गेला, त्याला घरी न्यायचं, एवढ्यासाठी मी त्या वयात पासपोर्ट काढला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यासकट दहाही बोटांचे ठसे दिले.

भांडण काय, तर मालक गेल्यावर आम्ही ग्रॅनाइट कापायचं मशीन घेतलं. थोरला बजरंग त्यावर बसला. लोकांच्या स्वयंपाकघराचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, पैसा बरा. नाथा म्हणायचा, मी बाबांसारखे देव घडवणार. मी म्हणलं, "देवानं तुझ्या बापाचं पोट कधी भरलं नाही. माझ्या टाकीनं भरलं. मशीनवर बस."

तो म्हणाला, "मी देव घडवणारा आहे. पाट्याला टाकी लावत फिरणारा नाही."

ते मला लागलं. "ज्या पाट्यावर वाढलास त्याला नावं ठेवतोस? मग ह्या घरात पाय ठेवू नको," म्हणाले मी. त्यानं नाही ठेवला. बोटीवर फिटर म्हणून लागला, मग बोट सोडून ह्या बेटावर राहिला. इथं संगमरवराच्या खाणी आहेत म्हणे.

मी त्याच्याशी फोनवर एकदासुद्धा बोलले नाही. बोलायचं तर दारात येऊन बोल, असा माझा बाणा. त्याचा निरोप यायचा उज्ज्वलाच्या मोबाइलवर, तोही दिवाळीला. ती वाचून दाखवायची, कारण मला तेव्हा एसटीच्या पाटीपुरतंच वाचता यायचं. "बरा आहे." झालं. दोन शब्द.

मग ग्रीसला जायच्या दोन वर्षं आधी मला हृदयाचा झटका आला. पुण्याला दवाखान्यात तीन आठवडे. घरी आले आणि नाथाचे निरोप वाढले. महिन्याला एक, मग आठवड्याला एक. "आईचा गुडघा कसा आहे? आईला म्हणावं, थंडीची अंगणात बसू नको. गोळ्या वेळेवर घे." मी शेजारणींना सांगत सुटले, आई मरणाच्या दारातनं परत आली तेव्हा कुठं पोराला तिची किंमत कळली.

पण यायचं नाव काढीना. कधी सुट्टी नाही, कधी कागद नाहीत. शेवटी मी म्हणलं, तो येत नाही तर मी जाते. उज्ज्वला आज टाळ, उद्या टाळ. मी जेवण सोडलं. पाचव्या दिवशी बजरंगानं तिकिटं काढली, पण स्वतः काही येईना. "मशीन बंद ठेवता येत नाही आई," असं मान खाली घालून म्हणाला. म्हणून मी आणि उज्ज्वला. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवते, तिच्या जिवावर मी परमुलखात.

माझ्या पिशवीत मालकांची टाकी आणि हातोडी होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. नाथा समोर आला की ती त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "देव घडव. पण घरी घडव." याहून जास्त मी बोलणार नव्हते. आईनं किती नमायचं यालाही माप असतं.

दार बघून झाल्यावर आम्ही बंदरावरच्या एका खानावळीत जेवायला बसलो. जेवणाला मात्र मी नावं ठेवणार नाही. पालेभाजी आली, उकडलेली, वर तेल आणि लिंबू. आमच्या पाथरीसारखी कडसर. फोडणी नाही, पण भाजी ताजी होती. मग पिवळं घट्ट काहीतरी, वर कच्चा कांदा.

"हे पिठल्याचं कोण लागतं?" मी विचारलं.

"वाटाण्याच्या डाळीचं असतं आत्या. खाऊन बघा."

"चुलतभाऊ दिसतोय. मिरची नाही, म्हणजे गरीब चुलतभाऊ."

दह्यातली काकडी आली, लसूण घालून. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला. ह्यांना अळू मिळालं नसणार, नाहीतर द्राक्षाच्या पानाला कोण हात लावतं? पण मी सहा खाल्ले. बाजूला उज्ज्वला पावाचा एक तुकडा बोटांनी कुस्करत होती.

"खा की गं. तू का उपाशी? उपास मी केला होता, तो सुटला."

"भूक नाही आत्या."

चुलीपाशी एक म्हातारी बसून भाजी निवडत होती आणि वाढायला तिची नात होती, तिशीची असेल. खानावळवाला दोघींना एकाच नावानं हाका मारी. कातेरीना म्हणलं की दोघी वळायच्या.

"हे काय गं?" मी उज्ज्वलाला विचारलं.

"इथं नातीला आजीचं नाव ठेवतात."

"आजी जिती असताना? समोर बसलेली असताना?"

"हो. मान समजतात."

मला ते काही पटेना. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, म्हणजे तो घरात परत आला असं होतं. बजरंगाला पोरगा झाला तेव्हा उज्ज्वलाच्या मनात कुठलं तरी मासिकातलं नाव होतं, मी हट्टानं मालकांचं ठेवायला लावलं, येसाजी. जित्या माणसाचं नाव पोराला देणं म्हणजे त्याला 'तू आता नीघ' म्हणून सांगणं.

"तुमचं नाव ठेवलं असतं मला मुलगी झाली असती तर," उज्ज्वला मध्येच म्हणाली.

"चांगुणा? मला घालवायची घाई झालीय का?"

ती हसेल असं वाटलं. हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टॅक्सी केली. म्हणाली, डोंगरातल्या एका गावात जायचं आहे. मी विचारलं, नाथा तिथं आहे का? ती म्हणाली, "तिथं गेल्यावर सगळं बोलू." कान ओढतच होती. वाटेत पुन्हा गाडी थांबवली. का, तर दगड बघायला!

ह्या वेळी बाग होती, लिंबाची झाडं, ओढा. झाडाखाली एक मोठा पुरुष उताणा पडलेला. दगडाचा, तीन माणसांएवढा लांब. नाक-डोळे नीट काढलेले नाहीत, हात अंगाला चिकटलेले, आणि एक पाय मोडलेला. मी खाली बसून मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग बोटाच्या पेरानं छातीवर ठोकून बघितलं. खणखणीत. पायापाशी ठोकलं, तर बद्द.

"आत चीर होती ह्याच्या. घडवणाऱ्याला आधी कळली नाही. पाय सुटा करायला गेला आणि फुटला. मग टाकून दिला इथंच."

मी वर बघितलं, तर उज्ज्वला तोंडाला रुमाल लावून उभी.

"आता काय झालं?"

"काही नाही. एवढं कष्टानं घडवलेलं, आणि..."

"दगड फुटला की कारागीर दोन दिवस जेवत नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा दगड घेतो. अडीच हजार वर्षांनी तू कशाला रडतेस?"

ती एकदम खाली बसली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. "आत्या, मला तुम्हाला एक सांगायचंय." मी म्हणलं, सांग. तेवढ्यात टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. ती उठली आणि म्हणाली, "गावात गेल्यावर."

हिचं आणि बजरंगाचं काही बिनसलंय का? का नाथाचं हिच्याशी काही वाजलंय? का मला कुठल्या आश्रमात ठेवायचं चाललंय? लोक म्हाताऱ्या माणसांना यात्रेत सोडून येतात असं ऐकलं होतं. पण त्यासाठी विमानाचं तिकीट कुणी काढत नाही. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. तरी पासपोर्ट मी चोळीत ठेवला.

गाव उभ्या डोंगरावर, पायऱ्यासुद्धा संगमरवराच्या. चौकात एक झाड, त्याखाली बाक, समोर देऊळ. रविवार होता, आतून गाण्याचा आवाज येत होता. उज्ज्वलानं मला बाकावर बसवलं. "आत्या, इथंच बसा. नाथाभाऊजी ज्या बाईंच्या घरी राहतात त्यांचं घर शोधून येते. मग मी सगळं सांगते. शपथ." आणि गेली.

थोड्या वेळानं माणसं देवळातून बाहेर आली. पायरीवर एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, अंगभर काळे कपडे. हातात परात, परातीत कागदाच्या पुड्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकेक पुडी देत होती. तिची नजर माझ्याकडं गेली. नऊवारी लुगडं आणि पायात बूट, अशी बाई त्या गावात दुसरी नव्हतीच. तिनं परात पायरीवर ठेवली, तरातरा माझ्याकडं आली, माझे हात धरले आणि माझ्या दोन्ही गालांना तोंड लावलं. मी दचकले. ती रडत होती आणि रडता रडता हसतही होती. काय काय बोलली. मग जाऊन पुडी आणली आणि माझ्या हातात दिली.

पुडी उघडली तर आत गहू! अख्खा शिजवलेला गहू, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे. घुगऱ्या! आपल्याकडच्या मिठातल्या असतात, ह्या गोड, पण घुगऱ्याच. मला भरून आलं. एवढ्या लांब, ना भाषा ना भात, आणि घुगऱ्या. आमच्यात घुगऱ्या वाटतात त्या बारशाला. म्हणजे इथं कुणाच्या तरी घरी पाळणा हलला होता.

मी तिला विचारलं. भाषा नव्हती, म्हणून हाताचा पाळणा केला, हलवला, आणि भुवया उडवल्या, कुणाचं बाळ?

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं मान हलवली, हो हो. तिनंही हाताचा पाळणा केला. मग माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "नाथा."

"नाथा?"

"नाथा," ती म्हणाली, आणि छातीवर हात ठेवला.

मग मला सगळं कळलं. तीन दिवस जे कळत नव्हतं ते एका झटक्यात लख्ख झालं. नाथानं इथं लग्न केलंय! परदेशातली, परजातीची बायको केलीय, मला भिऊन बसलाय, म्हणून घरी येत नाही. त्याला पोरगा झालाय. आज बारसं आहे. ही त्याची सासू, म्हणजे माझी विहीण! म्हणून गळ्यात पडतेय. म्हणून बजरंग मान खाली घालत होता, म्हणून उज्ज्वला रडत होती. मी काय म्हणेन ह्याची भीती! काळे कपडे तेवढे बारशाला शोभत नव्हते, पण असेल इथली रीत, जिथं जित्याचं नाव पोराला ठेवतात तिथं काळं नेसायला काय जातंय?

मी उठले. विहिणीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती बघतच राहिली. मग मी बाकावर बसून पुडीतल्या घुगऱ्या खाल्ल्या. एक दाणा ठेवला नाही. नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या टाकू नयेत.

उज्ज्वला गल्लीतून धावत आली. घर बंद असणार, घरमालकीण इथं होती. मला त्या बाईशेजारी बसलेली बघून ती जागच्या जागी थांबली.

"ये, ये," मी म्हणलं. "मला सगळं कळलं."

"कळलं?" तिचा चेहरा पांढरा पडला. "कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. विहीणबाईंनी."

"विहीण?"

"आता कशाला लपवतेस? आधी सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं मी तुला? परमुलखातली केली, करू दे. गोरा तर गोरा, पोरगा झाला ना! जा, त्यांच्याकडनं एक पुडी घे, तोंड गोड कर. आणि नाथा कुठं लपलाय? नाव पण कळलंय मला. पोराचं नाव नाथाच ठेवलंय."

असं म्हणून मी हसले. ते हसू अर्ध्यावर राहिलं. माझंच बोलणं माझ्या कानात परत आलं. पोराचं नाव नाथा. बापाचं नाव पोराला.

उज्ज्वला माझ्याकडं बघत होती. ह्या वेळी तिचा हात कानाकडं गेला नाही.

"इथं जित्याचं ठेवतात ना?" मी म्हणाले. "त्या खानावळीतल्या कातेरीनासारखं. तूच सांगितलंस."

ती माझ्यापुढं गुडघ्यावर बसली.

"सांगितलंस ना गं? मान समजतात म्हणून? ठेवतात ना जित्याचं?"

"आत्या, बाळ नाही."

"नाही कसं? घुगऱ्या वाटतात की!"

"इथं ह्या... इथं ह्या गेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात आत्या. वर्षाला. दोन वर्षं झाली आज."

मी हाताकडं बघितलं. पुडी रिकामी होती. बोटांना साखर चिकटलेली.

त्या बाईचं नाव इरिनी. नाथा तिच्याच घरी, मागच्या खोलीत राहायचा. लग्न नाही, बायको नाही, पोर नाही. पावसात स्कूटर घसरली, उतारावर, जागच्या जागी गेला. मी पुण्यात दवाखान्यात नळ्या लावून पडले होते त्याच आठवड्यात. गावाच्या कडेला स्मशान आहे, तिथं त्याला पुरलंय. इरिनीनं त्याच्या नावानं देवळात पूजा करायला सांगितली तर पुजारी म्हणाला, हा आपल्या धर्मातला नाही. म्हणून ती दर वर्षी घरी गहू शिजवते आणि देवळाबाहेरच्या पायरीवर उभी राहून वाटते. पायरीवरून कोण हाकलणार, असं ती म्हणाली. त्या बाईशी माझं जमलं असतं.

हे सगळं मला तिच्या स्वयंपाकघरात कळलं. ती मोडक्या इंग्रजीत बोलायची, उज्ज्वला मला सांगायची. इरिनीनं माझ्यापुढं पाव ठेवला, चीज ठेवलं, लसणाची पांढरी चटणी ठेवली. मी हात लावला नाही. मी रडतही नव्हते. मला एक गोष्ट उमगत नव्हती आणि तीच डोक्यात फिरत होती.

"निरोप कोण पाठवत होतं?" मी विचारलं.

उज्ज्वला खाली बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने धक्का नको. मग तुम्ही घरी आलात. रोज विचारायचात, निरोप आला का, निरोप आला का. मी आठ दिवस नाही म्हणाले. तुम्ही जेवत नव्हता. मग एक दिवस मोबाइल बघून... वाचला. तुम्ही त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्यात आत्या."

"आणि मग?"

"मग थांबताच येईना. रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी उठले. तिच्या जवळ बसवेना म्हणून उठले, कुठं जायचं हे ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी, जमिनीवर, एक पाटा होता. वर वरवंटा आडवा. पांढऱ्या संगमरवराचा पाटा, कडेला लसणाची सालं. मी गुडघे दुमडून खाली बसले.

पाट्याच्या वरच्या कडेला टाकीनं काढलेली मासोळी होती. डोळ्याच्या जागी ठिपका, शेपटीला तीन ठिपके. ही माझी खूण. प्रत्येक टाकीवालीची आपली एक खूण असते, म्हणजे पुढच्या खेपेला ती ओळखते की हा पाटा आपणच टोचलेला. फलटणपासून दहिवडीपर्यंत कुठल्याही जुन्या घरात जा, माझी मासोळी सापडेल. मालक ती काढत नसत. बजरंगाला ती येत नाही.

इरिनी मागं येऊन उभी राहिली होती. ती बोलली, आणि उज्ज्वलानं हलक्या आवाजात सांगितलं, "पहिल्याच वर्षी करून दिला म्हणे. देवाच्या मूर्ती करायला गेले, पण इथं कुणी मूर्ती मागत नव्हतं. मग हा केला. गावातल्या आणखी चार घरी आहेत. दर वर्षी स्वतः येऊन टोचून द्यायचे. म्हणायचे, हे काम माझ्या आईचं. मला तिच्याएवढं जमत नाही."

मी पाट्यावर हात फिरवला. मधोमध गुळगुळीत झाला होता. दोन वर्षं त्याला टाकी लागली नव्हती.

पिशवीतून लुगड्याचा तुकडा काढला, उलगडला. मालकांची टाकी हातात धरली, हातोडी घेतली आणि बसले. टक् टक् टक्. संगमरवराची कच पांढरी उडते, आपल्या काळ्या दगडासारखी नाही, पिठासारखी. डोळ्यांत गेली. दुपार कलली तरी मी मान वर केली नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, एक ओळ सोडली नाही. इरिनी मध्ये पाणी ठेवून गेली. उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

शेवटी मासोळीची झिजलेली शेपटी मी पुन्हा खोल केली. पदरानं पाटा पुसला. हात ठेवून बघितला, बरोबर खरखरत होता. मग जमिनीला हात टेकून उठायला गेले, तर गुडघा जागचा हलेना. उज्ज्वला पुढं धावली. मी तिचा हात धरला, उठले, पण सोडला नाही.

"उज्जे."

"हं, आत्या."

"खोटारडी आहेस तू."

"हो."

"आणि खोटंसुद्धा तुला धड जमत नाही. तो घरी असताना एकदा मी तापानं फणफणले होते, तेव्हा नाथानं उंबऱ्यातून विचारलं होतं, मग भाकरी कोण करणार? तो जन्मात कुणाच्या गुडघ्याची चौकशी करणारा नव्हता. मीच येडी, म्हणलं पोर सुधारलं." इरिनीनं ठेवलेला पाव उचलून मी तिच्यापुढं केला. "आधी हा खा. घरी गेल्यावर ते निरोप मला पुन्हा वाचून दाखवायचे, पहिल्यापासून, एकूण एक. फक्त त्यात नाथाचं नाव घ्यायचं नाही. माझ्या गुडघ्याचं तुला विचारायचं असलं, तर तुझ्या तोंडानं विचार."